मुलांच्या बाबतीत अधिक आशावादी पालक कसे होता येईल?

चाचणीत मुलाला कमी गुण मिळाले की त्याच्या साऱ्या भवितव्याचीच काळजी वाटू लागते, ती कशी आवरावी, असे आपण विचारले आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी आशावादाला केवळ उपजत स्वभाव न मानता, घडलेल्या वाईट गोष्टीचे कारण माणूस स्वतःला कसे समजावतो, या सवयीच्या अंगाने त्याचा विचार केला. आणि सवय बदलता येत असल्यामुळे ही मांडणी मला पालकांसाठी सर्वांत उपयोगी वाटते. निराशावादी माणूस अपयशाचे कारण कायमचे आणि सर्वव्यापी मानतो. ‘याला गणित जमणारच नाही’ हे वाक्य तसे आहे. ‘या वेळी अपूर्णांकांचा सराव कमी पडला’ हे वाक्य तेच गुण पाहून उच्चारलेले असले, तरी त्यात उद्या करण्यासारखे काहीतरी शिल्लक राहते. मुले आपली ही भाषा ऐकूनच उचलतात. म्हणून गुणपत्रिका हाती आल्यावर काही बोलण्यापूर्वी, मनात आलेल्या निष्कर्षाच्या बाजूने कोणता पुरावा आहे आणि विरुद्ध कोणता, हे कागदावर लिहून पाहावे. खोटे कौतुक मात्र करू नये. गणित चुकले आहे हे मुलालाही कळते, आणि उगाच केलेल्या स्तुतीने आपल्या शब्दांवरचा त्याचा विश्वास उडतो. काळजीमुळे आपली झोप किंवा भूक बरेच दिवस बिघडली असेल, तर समुपदेशकांना अवश्य भेटावे. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही शासकीय हेल्पलाइन मराठीतही निःशुल्क उपलब्ध आहे.