आधी ओळ, मग टीकाकार

प्रिय मुली,

तुझ्या ऑनर्सच्या प्रबंधाचा आराखडा वाचला. चार पानांत एकवीस टीकाकारांची नावं आहेत आणि शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधली एकही ओळ नाही. वर तुझा प्रश्न असा, की स्त्रीवाद, मनोविश्लेषण आणि उत्तर-वसाहतवाद यांतली कोणती थिअरी या नाटकाला 'लावू'. थिअरी हे काही मलम नाही, लावायला. मी तापलेय खरी, पण तुझ्यावर नाही. तुला वर्गात हेच दाखवलं गेलं, गुणही त्यालाच मिळाले, मग तू दुसरं काय करणार?

शेवटी तू लिहिलंस, "ऑनर्स सोडून साधी पदवी घेऊन मोकळी होऊ का?" त्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. साहित्य कशासाठी वाचायचं, हे तुला सांगायची गरज नाही. ते तुला माहीत नसतं, तर लिअरची धाकटी मुलगी कॉर्डेलिया मेली तिथे त्या रात्री पुस्तक मिटून ठेवल्याचं तू मला सांगितलं नसतंस. आराखड्यात मात्र त्या रात्रीचा मागमूस नाही.

1765 साली शेक्सपिअरची आवृत्ती काढताना इंग्रज टीकाकार सॅम्युएल जॉन्सन यांनी लिहून ठेवलंय, की कॉर्डेलियाच्या मृत्यूचा धक्का इतका बसला होता, की संपादनासाठी भाग पडेपर्यंत आपण ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचू शकलो होतो की नाही, हेही आठवत नाही. टीका इथून सुरू होते. आधी ओळ अंगावर येते, मग माणूस विचार करू लागतो. तुझी सुरुवात जॉन्सन यांच्यासारखीच झाली होती. मधेच तुला कुणीतरी ग्रंथसूचीकडे वळवलं.

म्हणून एकच गोष्ट सांगते, आणि या पत्रात ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आधी ओळ वाच. टीकाकार नंतर.

ओळ वाचणं म्हणजे काय, ते तुझ्याच नाटकात दाखवते. 'लिअर' 1608 साली क्वार्टोत, म्हणजे छोट्या आकाराच्या सुट्या पुस्तकात, छापलं गेलं आणि 1623 साली फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहात. क्वार्टोतल्या जवळपास तीनशे ओळी फोलिओत नाहीत, फोलिओतल्या शंभरेक क्वार्टोत नाहीत. अठराव्या शतकापासून संपादक दोन्ही एकत्र करून एक सलग नाटक देत आले. 1986 च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने दोन्ही संहिता वेगवेगळ्या छापल्या. तुझ्या हातातलं पुस्तक यांपैकी कशावर बेतलंय? आराखड्यात त्याचा उल्लेखही नाही.

आता शेवटचं पान उघड. बहुतेक सगळे मेलेले आहेत आणि कुणीतरी चार ओळी बोलतो: या दुःखाच्या काळाचं ओझं आपण वाहायलाच हवं, बोलावंसं वाटतं ते बोलावं, बोलायला हवं म्हणून नव्हे, म्हाताऱ्यांनी सगळ्यांत जास्त सोसलं, आपण तरुण इतकं पाहणारही नाही, इतकं जगणारही नाही. क्वार्टोत हे लिअरचा जावई अल्बनी बोलतो. फोलिओत एडगर. अल्बनी सरदार आहे, राज्याची सूत्रं त्याच्याकडे येऊ शकतात. त्याने 'आपण तरुण' म्हटलं तर त्यात काय असतं? आणि उघड्या माळावर वेड्याचं सोंग घेऊन भटकलेल्या, आंधळ्या बापाला हात धरून चालवलेल्या एडगरने म्हटलं तर? राज्य कुणाच्या हाती जातं? थोडं वर जा. 'फूट, हृदया' हे क्वार्टोत मरता मरता खुद्द लिअर म्हणतो, फोलिओत त्याचा निष्ठावान सरदार केंट. फोलिओतला लिअर कॉर्डेलियाच्या ओठांकडे बघा, बघा म्हणत जातो, तिथे काहीतरी हललंय असं वाटून. क्वार्टोत ते शब्दच नाहीत. म्हणजे एक म्हातारा आशेत मरतो आणि दुसरा आपलं काळीज फुटावं अशी विनवणी करत मरतो.

एवढ्यावर तुझे दहा हजार शब्द आरामात उभे राहतात. एकवीस नावांपैकी एकाचीही अजून गरज पडलेली नाही.

तू म्हणशील, हे जुनं झालं. मलाही तेच ऐकवलं गेलंय, चर्चासत्रांत, तोंडावर. केंब्रिजमध्ये टीकाकार आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव काढून टाकलेल्या कविता देत आणि काय वाटतं ते लिहून आणायला सांगत. त्या उत्तरांवरचं त्यांचं पुस्तक 1929 साली आलं. चांगली शिकलेली मुलंही नाव नसल्यावर कशी अडखळतात, ते त्यात दिसतं. या पद्धतीवर पुढे आक्षेप आले, की ती इतिहास विसरते, सत्ता विसरते, वाचणारा कोण आणि कुठला हे विसरते. आक्षेप बरोबर आहेत. पण ज्यांनी ते घेतले ती माणसं ओळ वाचून पुढे गेली होती. तुला मात्र ओळ न वाचताच त्यांच्या निष्कर्षावर नेऊन उभं केलंय. आणि कुठली ओळ कधी, कुणी, कशी छापली, हा इतिहास नाही तर काय आहे?

माझंच सांगते, कारण या हट्टाची किंमत मी मोजलीय. मला अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनच्या हस्तलिखितांवर प्रबंध लिहायचा होता. तिच्या हयातीत मोजक्याच कविता छापल्या गेल्या. ती गेल्यावर 1890 साली संग्रह निघाला तेव्हा संपादकांनी तिची विरामचिन्हं सरळ केली, शब्द बदलले. मृत्यू बग्गी घेऊन तिला न्यायला येतो, त्या प्रसिद्ध कवितेतलं एक अख्खं कडवं गाळलं. आधीच्या कडव्यात ती म्हणते, आम्ही मावळता सूर्य मागे टाकला. गाळलेलं कडवं सुरू होतं ते असं: की त्यानंच आम्हाला मागे टाकलं. मग दव पडतं, थंडी वाजते, अंगावर फक्त तलम वस्त्र आहे. ते कडवं काढलं, की मरण ही एक सुखाची सफर होऊन जाते. 1955 साली थॉमस जॉन्सन यांनी हस्तलिखितांवरून सगळ्या कवितांची आवृत्ती काढली, त्यात ते कडवं आपल्या जागी आहे.

मार्गदर्शक म्हणाले, हे कारकुनी काम आहे, थिअरीची चौकट आण. मी चौकट आणली. पदवी मिळाली. तो प्रबंध बांधून कपाटात आहे आणि मला तो उघडावासा वाटत नाही, कारण त्यात माझं म्हणून एक पानही नाही. त्या वर्षाची हळहळ अजून जात नाही. त्यानंतर मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. माझे लेख कमी छापून आले, बढती उशिरा मिळाली. त्याचं काही वाटत नाही असं म्हणणार नाही, वाटतं. पण माझ्या वर्गात मुलं कविता मोठ्याने वाचायची, स्वल्पविरामावरून भांडायची, आणि ते मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

बघ, मी माझीच बाजू मांडत बसले. तुझ्याकडे येते.

ऑनर्सची रचना देशोदेशी वेगळी असते. स्कॉटलंडमध्ये चार वर्षं, इंग्लंडमध्ये बहुधा तीन, ऑस्ट्रेलियात तीन वर्षांच्या पदवीनंतर वेगळं एक वर्ष. पण शेवटी बहुतेक ठिकाणी एक लांब लेखन येतंच, आणि तिथे पहिल्यांदा प्रश्न दुसरं कुणी देत नाही. तू घाबरलीस ती याला. साधी पदवी घेतलीस तरी हा प्रश्न पुढे कुठेतरी गाठणारच आहे, तेव्हा सोडण्याचा विचार सोड. मागे जुन्या इंग्रजीची तासिका घ्यावी का, असं विचारलं होतंस. घे. आणि त्यानंतरच्या काळातला, चौदाव्या शतकातला कवी चॉसर मोठ्याने वाच, शब्दाअखेरच्या 'ए'सकट, नाहीतर त्याची लय सापडणार नाही.

थिअरी टाकून दे असं मी म्हणत नाहीये, हे नीट वाच. कॉर्डेलिया किती थोडं बोलते आणि तिच्याबद्दल बाकीचे किती बोलतात, हे दोन्ही संहितांत स्वतः तपासलंस, की स्त्रीवादी टीका वाचायला घे. तेव्हा तू तिच्याशी भांडू शकशील. आज तू फक्त मान डोलावशील.

1623 च्या त्या फोलिओची, म्हणजे फर्स्ट फोलिओची, पानं अमेरिकेतल्या फोल्जर ग्रंथालयाने इंटरनेटवर कुणालाही पाहता येतील अशी ठेवली आहेत. शेवटचा प्रवेश दोन्ही संहितांतून हाताने उतरवून काढ, समोरासमोर. हाताने म्हणजे हातानेच. डकवलेलं डोळ्यांखालून नुसतं निघून जातं. जिथे फरक आहे तिथे समासात पेन्सिलने तुला काय वाटतं ते लिही, चुकीचं वाटलं तरी. मार्गदर्शकांना भेटायला जाशील तेव्हा आराखडा नेऊ नकोस, ही पानं ने. विषय बदलायला ते नाही म्हणाले, तर शीर्षक राहू दे आणि पहिलं प्रकरण याच प्रवेशावर लिही. लिहिलेलं प्रकरण समोर असलं, की नकार द्यायला कारण शोधावं लागतं. तरीही अडवलं, तर मला लगेच कळव, मी त्यांच्याशी बोलेन. आणि ती उतरवलेली पानं आधी मला पाठव, पेन्सिलच्या खुणांसकट, काही न खोडता.

तुझी,
बाई