स्पूल आणि बोअर दोन्ही मापात ओके, तरी कस्टमर रिजेक्ट करतो. सीएमएम घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वागळे इस्टेटला तुमच्या शॉपमध्ये २० मिमीचे स्पूल (व्हॉल्व्हच्या आत सरकणारे दांडे) मायक्रोमीटरवर ओके, बॉडीचा बोअर (स्पूल बसतो ते भोक) बोअर गेजवर ओके, तरी कस्टमरकडे काही व्हॉल्व्ह लीक होतात, काहींचा स्पूल अडकतो, आणि मालक आता सीएमएम (जॉबला पॉइंट टेकवून माप काढणारं मशीन) घ्यायचं म्हणतायत. मी रबाळ्याला क्यूसीत आहे, रोज हेच काम. माझं मत विचाराल तर सीएमएम आत्ता नको. साध्या सीएमएमची स्वतःचीच एरर दोनेक मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) असते आणि तुमचा सगळा खेळ ५ ते १० मायक्रॉन क्लिअरन्सचा, म्हणजे स्पूल आणि बोअरमधल्या गॅपचा, त्यात ते बोअरला चार-आठ पॉइंट टेकवून सर्कल काढणार, मग शेपमधला एक-दोन मायक्रॉनचा फरक दिसणार कसा?

खरी गोची शेपमध्येच आहे. मायक्रोमीटर समोरासमोरचे दोन पॉइंट मोजतो. सेंटरलेस ग्राइंडरवर (जॉब सेंटरमध्ये न पकडता घासणारं मशीन) घासलेला जॉब पुष्कळदा तीन किंवा पाच लोबचा येतो, म्हणजे एका बाजूला फुगवटा तर त्याच्या बरोबर समोर दबलेला, त्यामुळे कसाही फिरवा साईज तीच येते आणि ऑपरेटर बिचारा मनापासून ओके मारतो. ६० अंशाच्या व्ही ब्लॉकवर स्पूल ठेवा, वरून एक मायक्रॉनचा डायल लावा आणि हळू फिरवा. तीन लोब असतील तर सुई खऱ्या चुकीच्या साधारण तिप्पट हलते. पण पाच लोब याच ब्लॉकवर अजिबात दिसत नाहीत, त्याला ९० अंशाचा ब्लॉक लागतो, तिथे ते दुप्पट दिसतात, म्हणून दोन्ही ब्लॉक ठेवा. दोन ब्लॉक आणि एक डायल, सीएमएमच्या मानाने खर्च काहीच नाही. डाउट आला की दोन-चार पीस बाहेर राउंडनेस टेस्टरवर टाकायचे.

बोअरला एअर गेज (हवेच्या दाबावर माप दाखवणारं गेज) घ्या, प्लग आणि दोन मास्टर रिंग, म्हणजे गेज सेट करायला माप माहीत असलेल्या रिंगा. प्रत्येक लँडवर (दोन ग्रूव्हमधला फिट बसणारा भाग) वेगळं माप घ्या, आणि प्लग आत असताना फिरवून बघा, कारण होनिंगनंतर (दगडाने बोअर घासून फिनिश केल्यावर) ग्रूव्हच्या कडेला बोअर थोडा उघडतो आणि मधल्या एका मापावर ते कळत नाही. लीकेज क्लिअरन्सच्या घनात वाढतं, गॅप दुप्पट झाली की आठपट, त्यामुळे तीन-चार मायक्रॉनला कोणी किरकोळ म्हणत असेल तर त्याला टेस्ट बेंचवर नेऊन उभं करा. आणि ड्रॉइंगवर बोअरला नुसतं एच७ (टॉलरन्सचा ग्रेड) असेल तर २० मिमीला २१ मायक्रॉनची सूट झाली, त्यात मिळेल तो स्पूल टाकून कसं जमेल, बोअर मोजून ग्रुप पाडायचे आणि त्या ग्रुपचाच स्पूल घालायचा.

टेम्परेचरचं तर विचारूच नका. माप २० डिग्रीचं धरतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. मशीनवरून उतरलेला स्पूल मास्टरपेक्षा १० डिग्री गरम असेल तर २० मिमीला दोन मायक्रॉनच्या वर फरक पडतो. जॉब आणि मास्टर एकाच सरफेस प्लेटवर तासभर शेजारी ठेवा, मग मोजा, आणि मोजताना मुठीत धरून बसू नका.

अडकणाऱ्या पीसचं आधी एवढं करा. दोन्ही धुऊन कोरडे करा, बॉडी उभी धरा, स्पूल आपल्या वजनाने खाली जातो का बघा. मग बाहेर काढून पाव फेरा फिरवून परत टाका. एका पोझिशनला जातो आणि दुसऱ्या पोझिशनला अडकतो तर शेपचा घोळ. सगळीकडे एकाच जागी अडकतो तर क्रॉस होलच्या (बोअरला आडवं छेदणारं भोक) तोंडाशी बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची कुसळ, शोधा. बर काढताना स्पूलच्या लँडची कड मात्र गोल करू नका, फ्लो तीच कड कापते. आणि हातात मस्त सरकतो पण कस्टमरकडे फिट केल्यावर अडकतो असं असेल तर बॉडी सबप्लेटवर (व्हॉल्व्ह ज्यावर बसतो ती प्लेट) ठरलेल्या टॉर्कने आवळून परत बघा, माउंटिंग फेस सपाट नसला की बोल्ट ताणल्यावर बोअर वाकतो आणि तो पीस तुमच्या टेबलावर कितीही मोजला तरी ओकेच येणार.