लिथियम घेणाऱ्याचे मीठ तोडावे का?

प्रश्न : माझे पती ४६ वर्षांचे असून शिक्षक आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना नैराश्यासाठी गोळ्या सुरू झाल्या आणि महिनाभरातच ते रात्र रात्र जागू लागले, अखंड बोलू लागले, साठवलेला पैसा वाटेल तसा खर्च करू लागले. तेव्हा बायपोलर आजाराचे निदान होऊन लिथियम सुरू झाले. आता प्रकृती उत्तम आहे, पण हात थरथरतात, सारखी तहान लागते आणि रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागते. त्यातच रक्तदाब वाढल्याने आम्ही त्यांचे मीठ बंद केले आहे. ‘बरा झालो, आता गोळी कशाला?’ असे ते म्हणतात. गोळी थांबवावी का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : गोळी परस्पर थांबवू नये. मात्र आपल्या पत्रातील मिठाचा उल्लेख मला अधिक काळजीचा वाटतो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

लिथियम जवळजवळ सगळेच्या सगळे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. आहारातले मीठ एकदम कमी झाले की मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवू लागतात आणि त्याच्याबरोबर लिथियमही अडकून राहते. गोळी तीच असूनही रक्तातले प्रमाण चढत जाते. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी उन्मादावर, म्हणजे आपल्या पतींना आली होती तशा अति उत्तेजित अवस्थेवर, लिथियमचा गुण येतो हे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास अमेरिकेत, मीठ वर्ज्य असलेल्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकले जात होते आणि त्यातून विषबाधा होऊन काही जण दगावल्यामुळे ते बाजारातून काढून घ्यावे लागले. अकोल्याचा उन्हाळा, जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास यांनीही प्रमाण असेच वाढू शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि रक्तदाबावरची काही औषधे, विशेषतः लघवी वाढवणारी, हाच परिणाम करतात. म्हणून मीठ नेहमीइतकेच ठेवावे, रोज कमी-जास्त करू नये, आणि रक्तदाबाचा उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांना लिथियमची कल्पना अवश्य द्यावी.

शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घेतलेल्या रक्तात लिथियम साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर असावे; १.५ च्या वर विषबाधेचा धोका वाढतो. कप धरताना बोटे बारीक थरथरणे हा नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि मात्रा थोडी कमी करून किंवा प्रोप्रॅनोलॉल देऊन तो बहुधा आटोक्यात येतो. पण थरथर जाडीभरडी झाली, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब किंवा गुंगी सुरू झाली, तर पुढची गोळी न देता लगेच रुग्णालय गाठावे. लघवी जास्त होते याचे कारण, पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडांची क्षमता लिथियममुळे कमी होते. म्हणून रात्रीची झोप मोडते या कारणाने पाणी मुळीच तोडू नये.

नैराश्याच्या गोळीने उन्माद कसा झाला, हेही आपल्या मनात असेल. या गोळ्यांपैकी बहुतेक मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांचा प्रभाव वाढवतात. साध्या नैराश्यात त्यांचा गुण काही आठवड्यांत दिसतो, पण बायपोलर आजारात, सोबत मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध नसेल तर, त्याच गोळ्या काही रुग्णांना उन्मादाकडे ढकलतात. लिथियम पेशीच्या आतल्या संदेशवहनातील काही विकरांना (एन्झाइम्सना) आवर घालते आणि उन्माद व नैराश्य या दोन्ही टोकांचे झटके कमी करते. आत्महत्येचा धोका कमी करण्याचा त्याचा गुण तर मला सर्वांत मोलाचा वाटतो. ते अचानक सोडल्यास उन्माद उलटण्याची शक्यता पुढच्या काही महिन्यांत फार वाढते. पुढे कधी बंद करायचे ठरलेच, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, हळूहळू मात्रा उतरवत नेतात.

आपले पती बरे आहेत ते या गोळीवर बरे आहेत, हे त्यांना प्रेमाने सांगावे. त्यांच्या त्रासाला मात्र किरकोळ म्हणू नये. लिथियमचे प्रमाण, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठी), थायरॉईड आणि कॅल्शियम या तपासण्या आता करून घ्याव्यात व पुढे साधारण दर सहा महिन्यांनी कराव्यात. रक्तदाबाची गोळी सुरू झाली असल्यास तिची पट्टी सोबत घेऊन याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.