रोजच्या वापरासाठी २४-७० एफ/२.८ घ्यावी की २४-१०५ एफ/४?

आपण फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा घेतला आहे, घरचे कार्यक्रम आणि प्रवास दोन्ही टिपायचे आहेत, आणि एकच झूम लेन्स परवडणार असल्याने या दोहोंपैकी कोणती घ्यावी, असे आपण विचारले आहे. (२४-७०, २४-१०५ हे फोकल लेन्थचे मिलिमीटरमधले आकडे; ती जितकी मोठी, तितके दृश्य जवळ दिसते. एफपुढचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश लेन्स जास्त घेते.) यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे बसवायची काच, लावावा का, हेही विचारले आहे. माझे उत्तर २४-१०५ असे आहे. ते इतक्या ठामपणे देण्याचे कारण असे, की एका जाणकाराच्या शब्दावर विसंबून मी दुसरी घेतली आणि तीन वर्षे बाळगली.

हे जाणकार म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एफ/४ ही हौशी लोकांची सोय आहे, खरी लेन्स एफ/२.८पासून सुरू होते, असे त्यांचे मत होते आणि ते मत ते जेवणाच्या ताटावरही मांडत असत. लेन्स घेतल्यावर काही महिन्यांनी मुलीच्या शाळेत नाटक होते. आम्हाला आठव्या रांगेत जागा मिळाली, भावोजी माझ्या शेजारीच बसले होते. मुलगी रंगमंचावर आली, मी झूमची रिंग फिरवली आणि ती ७०वर येऊन अडली. फोटोत मुलीपेक्षा पडदाच अधिक दिसत होता. भावोजींनी हळूच सुचवले, की दोन पावले पुढे जावे. पुढे सात रांगा पालक बसलेले होते. ते जमत नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग नंतर क्रॉप कर.’

हा सल्ला मी तेव्हा मुकाट्याने मानला, परंतु त्यातला हिशेब पुढे कितीतरी दिवस मनात घोळत राहिला. ७०वर काढलेला फोटो १०५ इतका जवळचा दिसावा म्हणून कापला, तर सेन्सरचा जेमतेम ४४ टक्के भाग उरतो. २४ मेगापिक्सेलचे साडेदहा-पावणेअकरा होतात. एफ/२.८मुळे एफ/४च्या दुप्पट प्रकाश मिळतो हे खरे, पण कापताना निम्म्याहून अधिक प्रकाश आपणच टाकून देतो, म्हणजे ज्या एका स्टॉपसाठी, प्रकाशाच्या एका दुपटीसाठी, जास्तीचे पैसे मोजले आणि वजन वाहिले, तो तिथल्या तिथे संपतो. १०५देखील आठव्या रांगेतून पुरेशी ठरली नसती, हे मान्य करतो; पण चेहरा तरी ओळखू आला असता.

भावोजींचा दुसरा मुद्दा पार्श्वभूमी धूसर करण्याचा होता आणि नवे कॅमेरेवाले हमखास त्यालाच भुलतात. ७० भागिले २.८ म्हणजे २५ मिलिमीटर, ही लेन्सच्या छिद्राची रुंदी. १०५ भागिले ४ म्हणजे सव्वासव्वीस. फोटोतला माणूस दोन्हीकडे सारख्याच आकाराचा ठेवला, तर दूरची पार्श्वभूमी किती विरघळेल हे या आकड्यावर ठरते आणि इथे एफ/४वाली लेन्स किंचित पुढेच आहे. अर्थात १०५वर थोडे मागे सरकून उभे राहावे लागते. हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवले, तेव्हा त्यांनी विषय बदलून ट्रायपॉडवर नेला.

वर्षभराच्या फोटोंची माहिती उघडून पाहिली, तेव्हा बाहेरचे बहुतेक फोटो एफ/५.६ ते एफ/८वर काढलेले निघाले आणि सर्वांत जास्त वेळा आलेली फोकल लेन्थ नेमकी ७० होती. प्रत्येक वेळी मी त्या टोकाला धडकून थांबलो होतो. आपल्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स असेल, तर खरेदीआधी हाच तपास करावा. तो माझ्या आणि भावोजींच्या मतांपेक्षा उपयोगी आहे.

आता थोडे पथ्य. लेन्समधले किंवा कॅमेऱ्यातले स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सांभाळते, धावणारे मूल थांबवत नाही. मंद दिव्यांच्या खोलीत मुलांचे फोटो हेच आपले मुख्य काम असेल, तर तो एक स्टॉप खरोखर कामी येतो. मी त्यासाठी ५० एफ/१.८ प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, सोबत ठेवतो, कारण ती एफ/४च्या जवळपास पाचपट प्रकाश घेते आणि पिशवीत जाणवतही नाही. २८पासून सुरू होणाऱ्या झूम हलक्या असतात, परंतु २४ला ८४ अंशांचा कोन मिळतो आणि २८ला ७५, हा फरक लहान खोलीत पाठ भिंतीला टेकल्यावरच कळतो. वजनाचा माझा युक्तिवाद मात्र आता जुना झाला आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे: सोनीची पहिली २४-७० जी मास्टर ८८६ ग्रॅमची होती, २०२२मध्ये आलेली दुसरी ६९५ ग्रॅमची आहे, आणि त्यांची २४-१०५ ६६३ ग्रॅमची. भावोजींनी ही दुसरी आवृत्ती घेतल्यापासून वजनाचा विषय ते स्वतःहून काढतात.

यूव्ही फिल्टर मी लावत नाही; लेन्सच्या तोंडावर बसणारे हूड, म्हणजे संरक्षक कडे, कायम लावलेले असते.