वारस नोंदीसाठी पाच हजार मागतायत, देऊन टाकू का?

प्रश्न : बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि माझी वारस नोंद करायला अर्ज दिलाय, मृत्यू दाखला, प्रतिज्ञापत्र सगळं जोडलंय. तलाठी ऑफिसला गेलं की साहेब फिरतीवर, आणि तिथे बसणारा झिरो तलाठी, म्हणजे तलाठ्याचं काम बघणारा खाजगी माणूस, म्हणतो पाच हजार द्या, आठवड्यात नोंद लावून देतो, सर्कलचंपण (मंडळ अधिकाऱ्याचंपण) त्यातच आलं. भाऊ म्हणतो देऊन टाक, कशाला नादी लागतेस. तक्रार केली तर काम कायमचं अडकेल का?
– एक भगिनी, जि. सातारा

उत्तर : ताई, देऊ नका. आठवड्यात नोंद हे आश्वासनच खोटं आहे, कारण तलाठी फक्त फेरफार (नावातल्या बदलाची नोंद) धरतो, मग नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात आणि नोंद मंजूर करतो तो मंडळ अधिकारी, म्हणजे पैसे देऊनही ते १५ दिवस काही टळत नाहीत. पाच हजारांची पावती मागून बघा, मिळणार नाही.

दुसरं म्हणजे २०१८ पासून कायदा बदललाय, आता लाच देणारापण गुन्हेगार धरला जातो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत कळवावं लागतं, पण आधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला सांगून त्यांच्या सापळ्यात पैसे दिले तर तुमच्यावर काही येत नाही. म्हणून आधी तक्रार, मग पैसे, हा क्रम सोडू नका. फोन १०६४, टोल फ्री आहे. मागणारा सरकारी नोकर नाही म्हणून तो सुटतो असं नाही, साहेबाच्या नावानं घेणाराही याच कायद्यात अडकतो.

तक्रार दिली की आधी पडताळणी होते, तुमच्याजवळ रेकॉर्डर देतात, सोबत पंच असतो. तेव्हा आपणहून "किती देऊ" असं विचारू नका, त्याला बोलू द्या, कारण कोर्टात मागणी सिद्ध व्हावी लागते, नुसत्या नोटा सापडून भागत नाही. मग नोटांना पावडर लावतात, त्यानं नोटा हाताळल्या की बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी गुलाबी होतं.

आता भावाची भीती. ती खोटी नाही, साक्षीला कोर्टात जावं लागतं आणि केस वर्षानुवर्षं चालते, हे मी लपवणार नाही. पण अटकेत ४८ तासांपेक्षा जास्त राहिलेला सरकारी नोकर निलंबित होतो, सज्जाचा, म्हणजे त्या तलाठ्याकडच्या गावांचा, चार्ज दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे त्याच माणसाच्या पाया पडायची वेळ येत नाही. आणि हक्काच्या कामासाठी माणसानं खिसा रिकामा करायचा हे मला अजिबात मान्य नाही, आज तुम्ही दिले की उद्या शेजारच्या विधवेला तोच रेट सांगितला जातो.

सापळ्याची हिंमत होत नसेल तरी गप्प बसू नका. ई-हक्क या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन अर्ज टाका म्हणजे तारखेसकट नोंद राहते, आणि काम रखडलं तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. सेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, त्यात अधिसूचित सेवेला विनाकारण उशीर करणाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

१०६४ ला फोन करायचं ठरवलंत तर भावाला सोबत घ्या, पण गावात अगदी जवळच्यालाही सांगू नका, एकदा कुणकुण लागली की तो झिरो दुसऱ्या दिवसापासून तुमच्याशी बोलणारच नाही.