वीस वर्षं लढाईच नाही, मग पाणबुडीतले साहेब करायचे काय?

प्रश्न: नातू भोसला मिलिटरी स्कूलला शिकतो, सध्या त्याच्या डोक्यात फक्त पाणबुडी. परवा विचारत होता, पहिलं महायुद्ध १९१८ ला संपलं, दुसरं १९३९ ला सुरू झालं, मग मधे ब्रिटिश पाणबुडीतल्या ऑफिसरला काम काय होतं, का नुसता बसून पगार? मी पडलो तोफखान्यातला, मला पाण्यातलं काय कळतंय. (एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर: बसून पगार कसला काका, पगार थोडा जास्त मिळायचा, पण तो जीव मुठीत धरून. पोरगा तेरा-चौदाव्या वर्षी डार्टमथच्या नेव्हल कॉलेजात, मग मोठ्या युद्धनौकेवर उमेदवारी, आणि नंतर पाणबुडीत गेला की गॉस्पोर्टच्या फोर्ट ब्लॉकहाउसला ट्रेनिंग. त्यात १९२२ ला सरकारने खर्चावर कुऱ्हाड चालवली, कितीतरी ऑफिसर घरी गेले.

बोटीवर खरा पिट्टा पडायचा फर्स्ट लेफ्टनंटचा, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालच्या ऑफिसरचा. बोटीचा तोल त्याच्याकडे. टॉर्पेडो सुटला की पुढचं वजन गेलं, लगेच पाणी भरून घ्यायचं नाहीतर नाक वर येणार, नदीच्या मुखाशी पाणी कमी खारट म्हणजे बोट जड होणार, खाल्लेल्या रेशनचासुद्धा हिशोब, आणि हे सगळं बुडी मारायच्या आधी.

मग पेरिशर, म्हणजे कॅप्टन व्हायचा कोर्स, १९१७ पासूनचा. समोरून जहाज अंगावर येतंय, पेरिस्कोप (पाण्याखालून वरचं बघायची नळी) काही सेकंदच वर काढायचा, अंतर, वेग, दिशा डोक्यातच धरायची. पास झाला तर बोट मिळणार, नापास झाला तर पाणबुडीचं करिअर तिथेच संपलं, दुसरा चान्स नाही. आपल्याकडे एमपीएससीवाले पाच-पाच अटेम्प्ट देतात! बरं, पास होऊनसुद्धा मधे काही काळ परत मोठ्या जहाजावर जावं लागायचं, नाहीतर प्रमोशनचे वांधे.

आणि शांततेच्या काळातही माणसं जातच होती. एम-१ या पाणबुडीला १९२५ मधे एका स्वीडिश जहाजाची धडक बसली, ६९ जण गेले. एम-२ ही पाणबुडी तर अजबच, तिच्यावरची तोफ काढून तिथे छोटं विमान ठेवायला हँगर केलेलं, वर आलं की विमान उडवायचं. २६ जानेवारी १९३२ ला पोर्टलंडजवळ बुडाली, सगळे ६० गेले, शोधणाऱ्यांना हँगरचं दार उघडं सापडलं. बहुतेक विमान लवकर सोडायच्या घाईत पाणी आत शिरलं असावं.

आता नातवासाठी एक नाव, ब्रिटिश पाणबुडीचा कॅप्टन डेव्हिड वँकलिन. जन्म कोलकात्याचा, १९११ चा. १९२५ ला नेव्हीत, १९३३ ला पाणबुडीत, आणि स्वतःची बोट मिळाली थेट १९४० ला, तीही एच-३१, पहिल्या महायुद्धाच्या डिझाइनची लहानशी जुनी बोट. पुढे अपहोल्डर ही पाणबुडी, माल्टा, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, ते सगळं तुमच्या नातवाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल.