प्रशांत महासागरातल्या नाउरूसारख्या बेटाच्या देशाला खाणीने उद्ध्वस्त झालेली आतली जमीन सुधारून समुद्रापासून वाचता येईल का?

वाचता येईल. पण गेली ती जमीन परत मिळेल असं वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढा.

मी रत्नागिरीकडचा, तीस वर्षं बोटीवर काढली. १९८८ साली आमची बोट नाउरूला फॉस्फेट (खतासाठी लागणारं खनिज) भरायला गेली होती. तिथे किनाऱ्यालगतच समुद्र इतका खोल की नांगर लागत नाही, पाण्यात तरंगणाऱ्या बोयांना बोट बांधतात आणि किनाऱ्यावरून लोखंडाचे दोन लांब हात येऊन वरून माल सोडतात, सगळीकडे धूळच धूळ. हवा बिघडली म्हणून चार दिवस थांबावं लागलं, तेव्हा तिथल्या एका कामगाराच्या ट्रकातून आम्ही तिघे वर पठारावर गेलो, त्याला ते लोक टॉपसाइड म्हणतात. बांगडा खाऊन ताटात काटा उरावा तसं दिसत होतं ते. फॉस्फेट असतं चुनखडीच्या सुळक्यांच्या मधल्या खळग्यात, ते क्रेनने उपसून नेलं की नुसते सुळके उभे राहतात, माणसापेक्षा उंच, आणि दुपारी त्यातून भट्टीसारखी झळ येते. सगळा देश २१ चौरस किलोमीटर, त्यातला जवळजवळ ८० टक्के भाग असा. माणसं, विमानतळ, जवळजवळ सगळं खाली किनाऱ्याच्या पट्टीत, जी दोनतीनशे मीटर रुंद असेल. आता समुद्र वर यायला लागल्यावर जाणार कुठे, तर त्याच सुळक्यांत.

हे मी घरी येऊन दादाला (मोठा भाऊ) सांगितलं होतं. त्याच वर्षी तो सड्यावरची (कातळाच्या माळावरची) आमची वीस गुंठे चिरेखाणीला द्यायला निघाला होता. मी म्हटलं देऊ नको, तर म्हणाला, "कातळच तो, त्यात काय पिकतंय? आणि खड्डा काय, नंतर भरता येतो." दिली. पाचसहा वर्षांत पंचवीस फूट खोल खड्डा, तळाला फुटके चिरे आणि चुरा, पावसात पाणी तुंबणार आणि मार्चमध्ये तवा. मी २००९ ला बोट सोडून घरी आलो तेव्हापासून तो खड्डा भरतोय. आधी चुरा ढकलला, वर ट्रॅक्टरने माती आणून टाकली, पहिल्याच पावसात निम्मी वाहून गेली, मग बांध घातला, पालापाचोळा, शेण, काजू लावले ते मेले, करंज आणि उंडी जगली. पंधरा वर्षांत जेमतेम चार गुंठे हिरवे झाले, आणि ते माझ्या हाताने झालेत हे मी गावात कुणालाही सांगतो. दादाला खाणीचे जे पैसे मिळाले त्याच्यापेक्षा जास्त त्यात गेले, आणि हा हिशोब तो अजूनही मान्य करत नाही.

उंडी मी मुद्दाम लावली. नाउरूच्या पठारावर खाणीआधी तिचंच जंगल होतं, ते लोक टोमानो म्हणतात.

नाउरूचा हिशोबही असाच आहे. खाण १९०७ च्या आसपास सुरू झाली, मग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड तिघांनी मिळून ती माती आपापल्या शेतांना खत म्हणून नेली. साठच्या दशकात ऑस्ट्रेलिया म्हणाली बेट सोडा, क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर या. ते गेले नाहीत, १९६८ ला स्वतंत्र झाले, आणि मला विचाराल तर तेच बरोबर केलं. १९८९ ला जमिनीच्या नासाडीबद्दल ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, १९९३ ला समझोता होऊन ऑस्ट्रेलियाने १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर कबूल केले. पण स्वतःची खाण हातात आल्यावरही उपसणं थांबलं नाही, आणि खाणीतून आलेला पैसा मेलबर्नमधल्या ५२ मजली इमारतीसारख्या गोष्टीत गुंतला, ती नंतर विकावी लागली. आता हायर ग्राउंड नावाची योजना आहे, सुमारे ९० टक्के लोकांना वर न्यायचं, पहिला टप्पा साधारण १० हेक्टरचा, आणि त्यासाठी २०२५ मध्ये त्यांनी १,०५,००० अमेरिकन डॉलरपासून पुढे नागरिकत्व विकायला काढलं. लोक नावं ठेवतात, मी ठेवणार नाही, दुसरं विकायला उरलंय काय त्यांच्याकडे?

तर घरांपुरतं होईल. सुळके फोडायचे, तीच खडी पसरायची, सपाट करायचं, हे मशीनचं काम आहे. झाडं आणि भाजी हे मशीनचं काम नाही. बेटावर एक नदी नाही, दुष्काळ पडतात, माती बाहेरून आणा नाहीतर कंपोस्ट करत बसा, आणि उरलेल्या मातीत कॅडमियम हा विषारी धातू आहे त्यामुळे त्यात काय खायचं पिकवायचं हे आधी तपासायला लागेल. शिवाय जमीन तिथेही घराण्यांची, वारसांमध्ये तुकडे पडलेली, आपल्या सामाईक सातबाऱ्यासारखीच. सह्या गोळा करण्यात वर्षं जातील, हे मी अनुभवाने सांगतो.

एक मात्र, आमचा जांभा आणि त्यांची प्रवाळाची चुनखडी वेगळी, तेव्हा माझ्या खड्ड्यावरून वर्षांचा हिशोब जसाच्या तसा लावू नका. आणि मी गेलो त्याला आता खूप वर्षं झाली.

तुमच्यापैकी कुणी कोकणात खाणीला जमीन देत असेल तर करारात एवढं तरी लिहून घ्या, की वरची माती आधी काढून बाजूला रचायची, तिच्यावर ताडपत्री घालायची आणि ती विकायची नाही. आमच्या करारात ती ओळ नव्हती. मी बोटीवरून पत्रात लिहून पाठवली होती, ते पत्र दादाच्या ट्रंकेत अजून आहे.